सगळ्या टेस्ट हिरव्या झाल्या, पण बुकिंगचे पैसे कमीच

आमच्या टीममध्ये गेले काही महिने एकच विषय चाललाय, एपीआयच्या, म्हणजे एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याशी बोलायच्या ठरलेल्या दाराच्या, टेस्ट एआयकडून लिहून घ्यायच्या का. मॅनेजर म्हणतात घ्यायच्याच, डेव्हलपर म्हणतात तो कोड लिहून देतो तर टेस्ट का नाही देणार, आणि आम्ही टेस्टिंगवाले गप्प, कारण आम्हाला हो म्हणायचं की नाही तेच ठरवता येत नव्हतं. मग मी म्हटलं आधी एकदा करून तर बघू, नुसतं बोलत काय बसायचं. टीममध्ये नवीन आलेली एक मुलगी आहे, पायथॉन चांगलं येतं तिला, आम्ही दोघी दोन शनिवार बसलो. जे झालं ते सगळं इथे लिहून ठेवतेय, कारण बऱ्याच जणांच्या टीममध्ये आत्ता हेच चालू असणार.

पहिला प्रश्न, करायचं कशावर. कंपनीचा एपीआय स्पेक, म्हणजे तो कसा वापरायचा त्याचं वर्णन, त्यातले ग्राहकांचे रेकॉर्ड, हे असं कुठल्याही चॅटमध्ये पेस्ट करणं बरोबर नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, क्लायंटबरोबरचा करार आहे तो वेगळाच. म्हणून आम्ही रेस्टफुल बुकर घेतला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मार्क विंटरिंगहॅम या टेस्टिंगमधल्या माणसाने सरावासाठी बनवलेला हा हॉटेल बुकिंगचा छोटासा एपीआय आहे. लॉगिन करून टोकन, म्हणजे ओळखीचा पास, घ्या, बुकिंग करा, बघा, बदला, काढून टाका, एवढंच. सुरुवातीला १० रेकॉर्ड भरलेले असतात, दर १० मिनिटांनी सगळं परत मूळ जागेवर येतं, आणि महत्त्वाचं म्हणजे त्यात मुद्दाम चुका ठेवल्यात, शिकणाऱ्यांनी शोधाव्यात म्हणून. म्हणजे आपल्याला आधीच माहीत आहे की इथे दोष आहेत. आता एआयने लिहिलेल्या टेस्टना ते सापडतात का एवढंच बघायचं होतं.

पहिल्या शनिवारी आम्ही अगदी साधं केलं, जसं घाईत असलेला कोणीही करेल तसं. त्या एपीआयचं डॉक्युमेंटेशनचं पान अख्खं एआय मॉडेलला दिलं आणि सांगितलं, पायथॉनमधली पायटेस्ट आणि रिक्वेस्ट्स ही साधनं वापरून सगळ्या एंडपॉइंटच्या, म्हणजे एपीआयच्या प्रत्येक पत्त्याच्या, टेस्ट लिहून दे, निगेटिव्हसुद्धा, म्हणजे मुद्दाम चुकीचं पाठवून बघणाऱ्या. चहा गाळून टेबलावर येईपर्यंत फाइल तयार. आणि खरं सांगते, दिसायला फाइल सुंदर होती, नावं नीट, फंक्शन छोटी छोटी, कुठे काय तपासतोय त्याच्या कॉमेंट, मला स्वतःला एवढं नीटनेटकं लिहायला अर्धा दिवस गेला असता. रन केलं तर बहुतेक हिरव्या, म्हणजे पास, पाचसहा लाल, म्हणजे फेल. ज्या लाल होत्या त्यांचा एरर तिने कॉपी करून परत मॉडेलला दिला आणि लिहिलं, ह्या फेल होतायत, दुरुस्त कर. त्याने दुरुस्त केल्या. परत रन. "ताई, सगळं ग्रीन!"

मी म्हटलं थांब, आधी काय बदललं ते बघू.

त्या दोन फाइल शेजारी शेजारी लावून बघितल्यावर जे दिसलं ते मी इतक्या वर्षांत माणसांनी केलेलंही पाहिलंय, पण इतक्या वेगाने कधी नाही. एक टेस्ट होती, बुकिंग करताना फर्स्टनेम पाठवायचंच नाही. मॉडेलने आधी अपेक्षा लिहिली होती ४००, म्हणजे तुमची रिक्वेस्ट चुकली. बरोबर अपेक्षा. सर्व्हरने दिलं ५००, म्हणजे सर्व्हर आतून कोसळला. हा बग आहे, टेस्टने बग पकडला होता! आणि "दुरुस्त कर" म्हटल्यावर मॉडेलने काय केलं, तर असर्टच्या, म्हणजे अपेक्षा तपासणाऱ्या, ओळीतले ४०० खोडून ५०० लिहिले, वर कॉमेंट घातली की फील्ड नसेल तर सर्व्हर ५०० देतो. चुकीच्या पासवर्डची टेस्ट, आधी अपेक्षा ४०१, म्हणजे ओळख पटली नाही, सर्व्हर देतो २००, म्हणजे सगळं ठीक, आणि आत मजकुरात लिहितो की क्रेडेन्शियल्स चुकीची आहेत, तर टेस्ट झाली २००. नसलेलं बुकिंग डिलीट करायला गेलं तर अपेक्षा ४०४, म्हणजे सापडलं नाही, येतो ४०५, म्हणजे ही कृती इथे चालत नाही, टेस्ट झाली ४०५. चुकीचा ॲक्सेप्ट हेडर, म्हणजे उत्तर कोणत्या स्वरूपात हवं ते सांगणारी ओळ, पाठवला तर अपेक्षा ४०६, म्हणजे त्या स्वरूपात देता येत नाही, आणि उत्तर येतं ४१८, मी चहाची किटली आहे, हा कोड १ एप्रिल १९९८ च्या एका एप्रिल फूलच्या आरएफसीमधला, म्हणजे इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजातला, आहे, तोही टेस्टमध्ये बरोबर म्हणून जाऊन बसला.

म्हणजे बग सापडला होता, हातात होता, आणि आम्हीच तो परत आत ढकलून वर शिक्का मारला. उद्या कोणी डेव्हलपरने तो ५०० नीट करून ४०० केला असता तर आमची टेस्ट लाल झाली असती आणि त्याच्यावर बिल्ड मोडल्याचा आळ आला असता. हे नुसतं निरुपयोगी नाही, उलट्या दिशेने काम करणारं आहे.

यात मॉडेलची चूक किती? मला वाटतं फार नाही. त्याला सांगितलं काय, तर फेल होणारी टेस्ट दुरुस्त कर. टेस्ट हिरवी करायला दोनच जागा, एक सर्व्हर आणि एक असर्ट, सर्व्हर त्याच्या हातात नाही, मग तो असर्टच बदलणार. टेस्टिंगमध्ये याला ओरॅकलचा प्रश्न म्हणतात, बरोबर उत्तर कोणतं हे ठरवणार कोण. आम्ही ते ठरवायचं काम नकळत सर्व्हरलाच देऊन टाकलं होतं. परीक्षेत मुलाचा पेपर बघून उत्तरपत्रिका बनवायची आणि मग त्याच उत्तरपत्रिकेने पेपर तपासायचा, तर मुलाला पैकीच्या पैकीच मिळणार ना.

लाल टेस्टचं हे झालं. पण मला जास्त काळजी वाटली ती पहिल्यापासून हिरव्या असलेल्या टेस्टची, कारण त्यांच्याकडे कोणी बघतच नाही.

त्यात एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरली, सगळीकडे एकच पाहुणा, जिम ब्राऊन. किंमत १११, डिपॉझिट भरलंय, १ जानेवारी २०१८ ते १ जानेवारी २०१९, नाश्ता हवा. डॉक्युमेंटेशनमधलं उदाहरण हेच आहे आणि मॉडेलने तेच प्रत्येक टेस्टमध्ये उचललं. वर्षभर हॉटेलात राहणारा माणूस कोणालाही खटकायला हवा, पण ते जाऊ दे, खरी अडचण पुढे आहे. अपडेटच्या उदाहरणात डॉक्युमेंटेशन जिम ब्राऊनचं जेम्स ब्राऊन करतं. मॉडेलनेही तेच केलं. आता बघा, फर्स्टनेम बदललं, पण लास्टनेम आधीही ब्राऊन आणि नंतरही ब्राऊन. म्हणजे लास्टनेमचं अपडेट पूर्ण मोडलेलं असलं तरी ही टेस्ट हिरवीच राहणार.

हे नुसतं बोलून पटत नाही म्हणून आम्ही करून बघितलं. रेस्टफुल बुकरचा कोड खुला आहे, नोडमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या जावास्क्रिप्टमध्ये, लिहिलेला आहे, डॉकर या साधनाने आपल्या लॅपटॉपवर चालवता येतो. लोकल कॉपी उभी केली आणि तिने पॅचच्या, म्हणजे बुकिंगचा काही भागच बदलण्याच्या, कोडमध्ये दोन ओळी घातल्या, की अपडेटमध्ये लास्टनेम आलं तर ते फेकून द्यायचं. सगळ्या टेस्ट परत चालवल्या. सगळ्या हिरव्या. ती दोन मिनिटं काही बोललीच नाही, मग म्हणाली, "म्हणजे आपण तपासत होतो तरी काय?" त्या दिवसातला सगळ्यात मोलाचा प्रश्न हाच होता. मुद्दाम कोड मोडून टेस्ट जाग्या आहेत का बघणं याला म्युटेशन टेस्टिंग म्हणतात, कल्पना जुनीच आहे, पण एआयच्या टेस्टच्या काळात ती प्रत्येकाने रोज वापरावी असं मला अगदी मनापासून वाटतं, कारण फाइल एवढी सुबक असते की वाचून शंका येतच नाही. मोडून बघितल्यावरच येते.

दुसरी एक हिरवी टेस्ट तर याहून अवघड होती. या एपीआयमध्ये बुकिंग बदलायला किंवा काढायला टोकन कुकी हेडरमध्ये पाठवावं लागतं, नाहीतर बेसिक ऑथ, म्हणजे थेट नाव आणि पासवर्ड. मॉडेलने एका टेस्टमध्ये बेअरर टोकन, म्हणजे कुकीऐवजी ऑथरायझेशन हेडरमधलं टोकन, पाठवलं होतं, कारण जगात बहुतेक ठिकाणी तसंच असतं आणि त्याला ती सवय. टेस्टचं नाव, चुकीच्या टोकनने डिलीट होता कामा नये. उत्तर ४०३, म्हणजे परवानगी नाही, टेस्ट पास. पण बेअररने खरं टोकन पाठवलं असतं तरी ४०३ च आला असता! टोकन चूक आहे म्हणून नाही, दार चुकीचं वाजवलं म्हणून नकार मिळाला. नाकारण्याची टेस्ट लिहिताना शेजारी तीच रिक्वेस्ट, फक्त बरोबर टोकनने, यशस्वी होते अशी टेस्ट हवीच, जोडीने. हे आम्ही तेव्हाच वहीत लिहून घेतलं.

बुकिंग नंबर १ वर अवलंबून असलेल्या टेस्टबद्दल फार लिहीत नाही. सार्वजनिक सर्व्हर आहे, जगभरचे शिकणारे त्याच रेकॉर्डवर हात चालवतायत, वर दर १० मिनिटांनी रीसेट, एकदा पास एकदा फेल होणारच. प्रत्येक टेस्टने स्वतःचं बुकिंग बनवायचं आणि स्वतःच काढायचं, त्यासाठी फिक्स्चर, म्हणजे टेस्टच्या आधीची तयारी आणि नंतरची आवराआवर करणारा कोड, लिहून टाका, संपलं. मॉडेलला सांगितलं की तो ते चोख करतो.

दुसऱ्या शनिवारी लॅपटॉप उघडायच्या आधी वही उघडली. मी तिला म्हटलं, अगं तू हॉटेलची मालकीण आहेस असं धर, या बुकिंगच्या सिस्टीमकडून तुला काय काय वचन पाहिजे ते मराठीत लिही, एपीआयचा एकही शब्द न वापरता. तिने लिहिलं ते साधारण असं. जी किंमत नोंदवली तीच परत दिसली पाहिजे. निघायचा दिवस यायच्या दिवसाच्या आधी असू शकत नाही. डिपॉझिट भरलं नाही असं सांगितलं तर ते भरलेलं दिसता कामा नये. ज्याला अधिकार नाही त्याला बुकिंग बदलता येऊ नये, आणि ज्याला आहे त्याला आलं पाहिजे. काढलेलं बुकिंग परत सापडू नये. अमुक तारखेपासूनची बुकिंग मागितली तर त्या तारखेचीही आली पाहिजेत. पाहुण्याने काही चुकीचं भरलं तर त्याला काय चुकलं ते कळलं पाहिजे, सिस्टीम कोसळता कामा नये.

हे करायला पाऊण तास लागला, आणि माझ्या मते दोन शनिवारांतला खऱ्या कामाचा वेळ तो पाऊण तासच.

मग मॉडेलला तीन गोष्टी दिल्या, ही वचनं, डॉक्युमेंटेशनचं पान, आणि एक सक्त सूचना, की असर्ट या वचनांवरूनच लिहायचं, सर्व्हरचं उत्तर बघून कधीही बदलायचं नाही, टेस्ट लाल झाली तर कारणांचा अंदाज लिही पण टेस्टला हात लावू नकोस, आणि डॉक्युमेंटेशनमधला नमुना डेटा वापरायचा नाही, अपडेटच्या टेस्टमध्ये प्रत्येक फील्डचं जुनं आणि नवं मूल्य वेगळं पाहिजे. आणि आता त्याने जे काम केलं ना, ते बघून मी खरंच खूश झाले. सीमेवरच्या केस माणूस दमून सोडून देतो, हा सोडत नाही. त्याच दिवशी येणं आणि जाणं, एक दिवस आधी, लीप वर्षातली २९ फेब्रुवारी, शून्य किंमत, उणे किंमत, दशांश, रिकामं नाव, खूप लांब नाव, डिपॉझिटच्या जागी फॉल्स, म्हणजे 'नाही', हे मूल्य आणि अवतरणात नुसता शब्द म्हणून लिहिलेलं फॉल्स दोन्ही, सगळं टेबल करून पॅरामीटरमध्ये टाकलं.

आता लाल टेस्टची रांग लागली, आणि यावेळी तो लाल रंग खरा होता.

किंमतीची टेस्ट. पाठवले १४९.५०. रिस्पॉन्स २००, बुकिंग झालं, आयडी मिळाला, सगळं छान. परत मागवलं तर टोटलप्राइस १४९. कुठे एरर नाही, कुठे इशारा नाही, दशांशानंतरचं गुपचूप कापलं. कोडमध्ये बघितलं तर किंमत पार्सइंटमधून जाते, पूर्णांक घेतला की बाकी गेलंच. पहिल्या शनिवारच्या टेस्टना हे कधीच दिसलं नसतं कारण त्यांचा जिम ब्राऊन १११ देऊन मोकळा होता. मला हे इतकं लागतं कारण असाच एक प्रकार मी पूर्वी एका कामात बघितलाय, पैशांची दशांश बाजू एका सर्व्हिसमधून दुसरीत जाताना कापली जात होती, टेस्ट सगळ्या गोल आकड्यांवर लिहिलेल्या, आणि ते कळलं तेव्हा हिशोब जुळवत बसलेल्या अकाउंट्सच्या लोकांचे कितीतरी दिवस वाया गेले होते. तेव्हा टेस्ट माणसांनीच लिहिल्या होत्या, मीही त्यात होते.

अवतरणातलं फॉल्स पाठवलं तर डिपॉझिट भरलंय असं परत आलं, कारण रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग जावास्क्रिप्टला खरीच वाटते. निघायची तारीख यायच्या आधीची दिली तरी बुकिंग झालं. आणि तारखेचा फिल्टर, डॉक्युमेंटेशन म्हणतं दिलेल्या चेकइन तारखेची किंवा नंतरची बुकिंग मिळतील, पण नेमक्या त्याच तारखेचं आम्हीच केलेलं बुकिंग यादीत नव्हतं. हा शेवटचा मॉडेलने अगदी अचूक पकडला. "किंवा" या एका शब्दावरून त्याने आधीचा दिवस, तोच दिवस, नंतरचा दिवस अशा तीन केस केल्या, त्यातली मधली लाल. एवढं बारीक वाचन आपण सगळेच करतो का?

मग प्रश्न आला लाल टेस्टचं करायचं काय. बिल्ड कायम लाल ठेवली की पंधरा दिवसांत लोक बघणं सोडतात. असर्ट बदलायचं नाही हे तर ठरलेलंच. आम्ही पायटेस्टचं एक्सफेल, म्हणजे ही टेस्ट फेल होणार हे माहीत आहे अशी खूण, वापरलं, शेजारी बग नंबर आणि कोणतं वचन मोडतंय ते एका ओळीत, आणि त्यात स्ट्रिक्ट चालू केलं. स्ट्रिक्ट महत्त्वाचं, कारण मग ज्या दिवशी कोणी तो बग नीट करेल त्या दिवशी ती टेस्ट अनपेक्षितपणे पास होते आणि पायटेस्ट तेच फेल म्हणून दाखवतं, म्हणजे आपल्याला कळतं की आता खूण काढा.

अजून एक करून बघितलं ते थोडक्यात सांगते. भाषेचं मॉडेल म्हणजेच एआय असं हल्ली लोक धरून चालतात, पण एपीआयच्या टेस्ट आपोआप बनवणारी साधनं त्याच्या आधीपासून आहेत. इव्होमास्टर उत्क्रांतीच्या पद्धतीने शोधत जातो, मायक्रोसॉफ्ट रिसर्चचा रेस्टलर आधीच्या रिक्वेस्टच्या उत्तरातून पुढची रिक्वेस्ट रचतो, स्कीमाथेसिस स्पेकवरून ढिगाने इनपुट तयार करतो. यांना ओपनएपीआय फाइल, म्हणजे मशीनला वाचता येणारं एपीआयचं वर्णन, लागते, ती आम्ही मॉडेलकडूनच डॉक्युमेंटेशनवरून लिहून घेतली आणि ओळ न् ओळ तपासली. स्कीमाथेसिसचा मला आवडलेला गुण म्हणजे ५०० दिसला की तो दोषच मानतो, त्याला समजावून बदलता येत नाही. पण निघायची तारीख आधीची आहे हे त्याला कधीच खटकणार नाही, कारण दोन्ही तारखा स्वतंत्रपणे बरोबरच आहेत. ते वचन वहीतूनच यावं लागतं. म्हणून आता आम्ही दोन्ही ठेवतो, कोसळण्यासाठी स्कीमाथेसिस आणि वचनांसाठी मॉडेल.

ऑफिसमध्ये हे दाखवल्यावर चर्चा बरीच झाली. ठरलं ते एवढंच, की एआयने लिहिलेली टेस्ट रिव्ह्यूला आली तर शेजारी ते वचन लिहिलेलं पाहिजे ज्यावरून असर्ट आलं, आणि लेखकाने निदान एकदा कोड मोडून ती लाल होताना बघितलेली पाहिजे. डेव्हलपर म्हणाले यात वेळ जातो. जातोच. पण टाइप करण्याचा जो वेळ वाचला त्यातलाच आहे तो.

एक मुद्दा मात्र आमच्या दोघींत अजून मिटलेला नाही. रेस्टफुल बुकरमध्ये डिलीट यशस्वी झालं की २०१ येतो, म्हणजे काहीतरी नवीन तयार झालं. डॉक्युमेंटेशनमध्ये २०१ च लिहिलंय, सर्व्हरही २०१ देतो, मॉडेलच्या टेस्टमध्येही २०१, तिघांचं एकमत. पण २०२२ चा आरएफसी ९११० डिलीटसाठी २००, २०२ किंवा २०४ सांगतो, आणि त्याच मॉडेलला वेगळ्या चॅटमध्ये नुसतं विचारलं की डिलीटला काय यावं तर तोही हेच सांगतो. तिचं म्हणणं, डॉक्युमेंटेशन हेच वचन, वापरणाऱ्यांनी २०१ धरूनच कोड लिहिला असेल, टेस्ट तशीच राहू दे. माझं म्हणणं, ती लाल करून शेजारी कारण लिहावं. सध्या ती एक्सफेलमध्ये आहे आणि बग नंबरच्या जागी आमच्या दोघींची मतं लिहिली आहेत, सोमवारी बॅकएंडवाल्यांसमोर ठेवणार आहोत.